मोहाच्या खोडातली कडी

वाघ बघायला तुम्ही आमच्या जंगलात आलात, तुमची जिप्सी एका मोकळ्या कुरणाशी थांबली, तेव्हा चारी बाजूंनी साग आणि बांबू दाटलेला असताना मध्येच ही एवढी सपाट, उघडी जागा कशी काय, हा प्रश्न तुम्हाला पडला होता का?

मला पडला नव्हता. आणि मी तर गाईड होते.

माझे वडील भद्रावतीला एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. आमच्या घरात पाहुणा आला की त्याला आधी पत्रक मिळायचं, मग पाणी. अंधश्रद्धेवर, हुंड्यावर, शाळा बंद पडण्यावर, काहीही. पाचवीत असल्यापासून मी त्यांच्या घड्या घालायचे. वडिलांचा एक नियम होता. पत्रक प्रश्नानं सुरू करायचं, म्हणजे माणूस चालता चालता थांबतो. आणि शेवटी त्याला एक काम सांगायचं, म्हणजे थांबलेला माणूस नुसता हळहळून घरी जात नाही. वडील आता नाहीत. नियम माझ्याकडे राहिला आहे, म्हणून हे लिहिणंही मी तसंच सुरू केलं आहे.

पदवी झाल्यावर मी गाईडची परीक्षा दिली. गाईड व्हायचं तर जंगलालगतच्या गावात राहावं लागतं. माझ्या आईची थोरली बहीण, जिला मी मोठाई म्हणते, ती अशाच एका वस्तीत राहायची, तिच्याकडे मी सामान हलवलं. या वस्तीच्या फलकावर गावाचं नाव आहे आणि नावापुढे ‘पुनर्वसित’ असा शब्द आहे. जुनं गाव आत होतं, जंगलात. मी पहिली-दुसरीत असताना ते उठून बाहेर आलं. मी त्या गावात एकदोनदाच गेले असेन, आणि मला त्यातलं एक कोंबडं आणि एक विहीर एवढंच आठवत होतं.

वडिलांच्या पत्रकांमुळे ‘विस्थापन’ हा शब्द मला लहानपणीच पाठ होता. मी एकदा मोठाईसमोर त्याच्यावर बरंच बोलले. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. मग म्हणाली, “बाई, मले कोणी हाकललं नाई. गावात सगळ्यात पयले मीच म्हणली, चला.”

“काऊन पण?” मीही तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

“पावसाळ्यात नाला भरला का दवाखाना नाई, म्हून.”

एवढं सांगून ती चूल फुंकायला लागली, आणि मीही पुढं विचारलं नाही.

मी दोन हंगाम गाईड होते. आमच्या फाटकातून आत गेलं की अर्ध्या तासावर ते कुरण लागतं. कुरणाच्या कडेला एक म्हातारा मोह आहे. जमिनीपासून हातभर वर त्याचं खोड दोन फांद्यांत फुटलं आहे, आणि एका फांदीत खांद्याएवढ्या उंचीवर लोखंडी कडी आहे. साल इतकी वाढली आहे, की कडीचा अर्धा भाग झाडानं गिळला आहे. पहिल्या दिवशी एका जुन्या गाईडनं मला ती दाखवली. तो एवढंच म्हणाला होता, “शिकारीच्या टायमातली असंन.”

बाकीचं मी रचलं. पत्रकवाल्याची मुलगी, शब्द कुठं टाकला की माणूस थांबतो हे मला येत होतं. मी पाहुण्यांना सांगायचे, की इंग्रज साहेब इथं शिकारीला यायचे, समोरच्या झाडावर मचाण बांधायचे, आणि या कडीला म्हशीचं रेडकू बांधून ठेवायचे. रेडकू रात्रभर ओरडायचं. अजूनही वारा सुटला की इथं कर्रकर्र असा आवाज येतो, तो म्हणे त्याच दोरीचा. इथं मी थांबायचे. जिप्सीतले लोक कान द्यायचे. कुरणामागं बांबूचं बेट आहे, वाळके बांबू वाऱ्यानं एकमेकांवर घासतात, आवाज यायचाच. लोकांच्या अंगावर काटा आला की मी हसून बांबूचं गुपित फोडायचे. कडीचं गुपित म्हणजे मी रचलेलं, ते तसंच ठेवायचे.

साहेब यायचे, हे मात्र खोटं नव्हतं. मोठाईचे सासरे तरुणपणी हाक्याला जात. शंभर-दोनशे माणसं डबे वाजवत, ओरडत जंगलातून पुढं सरकायची आणि वाघाला साहेबाच्या मचाणाकडे हाकत न्यायची. सासऱ्यांनी मोठाईला सांगितलं होतं, की पायात काही नसायचं आणि मागं वळायची परवानगी नसायची. साहेब गेले, मग देशी साहेब आले. मग बंदुका बंद झाल्या आणि चंद्रपूरहून शाळांच्या सहली यायला लागल्या. लाल बस थेट तळ्यापर्यंत जायची. वाटेत गावात थांबायची, पोरं विहिरीवर पाणी प्यायची, आणि मोठाई त्यांना टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, द्यायची. मास्तर तिला विचारायचे, वाघ दिसतो का हो? ती म्हणायची, दिसते ना, तुमच्यासारखाच, सुट्टी असली का. त्या वेळी जंगल बघायला येणाऱ्याला गावही दिसायचं. जिप्सी आल्या तेव्हा गाव नव्हतं.

माझी कडीची गोष्ट एका पाहुण्यानं मोबाईलवर चित्रित करून टाकली. ती भरपूर लोकांनी पाहिली. दुसरे गाईडही ती सांगायला लागले. कुणी त्यात साहेबाची मडम घातली, कुणी रेडकाच्या जागी बकरी. मी खूश होते. एका दुपारी, सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांच्यामधल्या वेळात, मी तो व्हिडिओ मोठाईला दाखवला. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही, उजव्यात मोतीबिंदू वाढतोय. तिनं फोन उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला.

“मांगं घे,” ती म्हणाली.

“काय मागं?”

“थे झाड. पुन्हा दाव.”

मी दाखवलं. पडद्यावर मी बोलत होते, रेडकू ओरडत होतं. मोठाईचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं.

“ही कडी तुया मोठेबाबानं ठोकली,” ती म्हणाली. मोठेबाबा म्हणजे तिचा नवरा, मी त्यांना फोटोतच पाहिलं आहे.

“बैल बांधायला?”

“पाळणा बांधाले.”

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि फुलं पसरत पसरतच सांगितलं. घरामागं मोह होता. दोरीचं एक टोक कडीला, दुसरं गोठ्याच्या खांबाला, मध्ये लुगड्याची झोळी. तिला पहिली मुलगी झाली ती पावसाळ्यात. मुलीला ताप आला तेव्हा नाला भरलेला होता. तीन दिवस उतरला नाही. चौथ्या दिवशी उतरला, पण तोवर दवाखान्याचं काम राहिलं नव्हतं. बारसंही व्हायचं होतं.

शेजारी गोंडाचं घर होतं. त्या घरातली म्हातारी म्हणाली, अंगावर पिणारं लेकरू दूर नेऊ नये, मोहाखाली ठेवावं. मोहाच्या सालीतून दूध येतं, झाड त्याला पाजतं. मोठाईचं घर बौद्ध. असल्या गोष्टी मानायच्या नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. मुलीला मोहाखाली पुरलं. पुढं मोठाई माहेरी जाताना, बाजाराला जाताना, त्या झाडाला हात लावून ‘जाऊन येते’ म्हणून निघायची. म्हातारीनंच तसं सांगितलं होतं. न सांगता गेलं तर लेकरू वाट पाहत राहतं.

“तुया बापाले सांगतलं होतं मी,” मोठाई म्हणाली. “मले वाटलं आता पत्रक काढते. नाई काढलं. चूप बसला.”

मग तिनं त्या दिवसाचं सांगितलं, ज्या दिवशी गाव उठलं. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, माणसं. ती पाठीमागं बसली होती, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून होता, पुढच्या फेरीची घाई. झाड घराच्या मागच्या अंगाला. ट्रक वळला, आणि नाल्यापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की सांगायचं राहिलं.

“उतरता नाई का आलं?”

“आलं असतं. मले वाटलं, उद्या येऊन सांगीन.”

तो उद्या पंधरा-सोळा वर्षं उजाडला नाही. घरं पाडली, जमीन सपाट केली, गवत लावलं, हरणं आली. आत जायचं तर आता जिप्सीतून, आणि जिप्सीतून उतरायचं नाही.

“डोक्टर म्हणते ऑपरेशन करू. झालं तं झालं, नाई झालं तं हाही डोळा गेला,” मोठाई म्हणाली. “त्याच्या अगोदर एकडाव हात लावून येते. तेव्हा म्हणाचं होतं, जाऊन येते. आता म्हणाचं हाय, जाते.”

त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला मी कुरणापाशी गप्प राहिले. पाहुण्यांपैकी कुणी काही विचारलं नाही. वारा होता. कर्रकर्र आवाज आला. बांबूचाच होता. दोन वर्षं मीच लोकांना सांगत होते की बांबू आहे. मी बेटाकडे पाहिलं, बांबू हलताना दिसत होते, आवाज त्यांच्याच लयीत होता. तरी माझा हात कानावर गेला.

एप्रिलात संधी मिळाली. पुण्याचं एक जोडपं आणि नवऱ्याचे वडील अशी तिघं आली होती. त्यांचे दोन मित्र ऐनवेळी येऊ शकले नव्हते. मी विचारलं, माझ्या मोठाईला घेतलं तर चालेल का? ते लगेच हो म्हणाले. भली माणसं होती, हे मला सांगितलंच पाहिजे. फाटकावरच्या बाबूनं आधार कार्ड पाहून मोठाईचं नाव लिहून घेतलं. तिनं पांढरं पातळ नेसलं होतं. आमच्या जिप्सीचा ड्रायव्हर वस्तीतलाच, त्याला आम्ही भाऊ म्हणतो.

“मोठाई, तुमी पुण्याच्या पार्टीत का?” भाऊ म्हणाला. “मंग टोपी कुठी हाय? दुर्बीण?”

“तुया मायले विचार, माया दुर्बिणी तिच्याच घरी पडल्या हायेत,” मोठाई म्हणाली, आणि पुण्याचे आजोबाही हसले.

ती मागच्या उंच बाकावर उजव्या कडेला, आजोबांच्या शेजारी बसली, मी त्यांच्या पलीकडे. गाडी निघाली. आजोबांनी विचारलं, “तुम्ही पहिल्यांदाच येताय का?”

“नाई. राह्यलो हाव आमी इथी.”

“अरे वा! कुठल्या रिसॉर्टला?”

मोठाईनं जरा विचार केला. “आमच्याच,” ती म्हणाली.

भाऊनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं.

भाऊला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की मोहाच्या अगदी लगत घे, चाक रस्त्याबाहेर न काढता जेवढं घेता येईल तेवढं. फांदी रस्त्याच्या बाजूला झुकलेली आहे. उभं राहून हात लांबवला तर कदाचित पोचेल. उतरवायचं मी म्हटलं नव्हतं. माझं गाईडचं कार्ड गेलं असतं. एवढी मी स्वतःला जपत होते.

कुरण आलं. मोहाला पान नव्हतं, फुलं टपटपत होती, गोड वास होता. भाऊनं इंजिन बंद केलं. मोठाई उठून उभी राहिली आणि दांडीला धरून झाडाकडे पाहू लागली. झाड तिच्या उजव्या हाताला होतं, कडी हातभर लांब. आणि पुण्याची बाई मागं वळून मला म्हणाली, “ताई, हीच ना ती कडी? आम्ही तुमचा व्हिडिओ बघूनच आलोय. तुमच्या तोंडून ऐकायचंय. प्लीज.”

तिचा नवरा कॅमेरा माझ्याकडे वळवून तयार होता.

इथपर्यंत मी हे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. इथून पुढचं सांगताना मी नेहमी काहीतरी गाळते. आज गाळत नाही. मी गोष्ट सांगितली. तोंड आपोआप चालत राहिलं. साहेब, मचाण, रेडकू, रात्रभर ओरडणं. ‘त्याच दोरीचा आवाज’ इथं मी सवयीनं थांबले, आणि त्या थांबण्यात बांबू वाजले. बाई म्हणाली, “बापरे.” मोठाईनं हात लांब केला होता, तो तसाच हवेत राहिला. ती माझ्याकडे पाहत होती.

तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी धूळ उडवत आली. तिचा ड्रायव्हर ओरडला, “पाणवठ्यावर! दोन पिल्लं घेऊन!” पाहुणे एकदम उठले. भाऊचा हात चावीवर गेला. तो वस्तीतला आहे, त्याला सगळं माहीत होतं. पण वाघाची खबर आली की ड्रायव्हरचा हात चावीवरच जातो. गाडीला झटका बसला, मोठाई बाकावर आदळली. आम्ही गेलो.

वाघीण दिसली. पिल्लं पाण्यात खेळत होती. पुण्याच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी मोठाईला खुणेनं दाखवलं, तिकडे, तिकडे. मोठाई मागं तोंड करून बसली होती.

कुरणाचा रस्ता एकेरी आहे, बाहेर पडताना परत त्याच वाटेनं येता येत नाही.

घरी आल्यावर ती बराच वेळ पायऱ्यांवर बसली. मी म्हटलं, “मोठाई, मी चुकली.”

“नाई. चांगली सांगतली तू,” ती म्हणाली. “लोकाईले आवडली.” पदरानं तोंडावरची धूळ पुसत म्हणाली, “रेडकवाचं कसं होय माहीत हाय? ओरडते तं खरं. भूक लागली का.”

मी भुतं मानत नाही. वडिलांनी त्यावर चार पत्रकं काढली होती, चारहींच्या घड्या मी घातल्या आहेत. पण एक आवाज माझ्या मागं लागला आहे आणि तो बांबूचा नाही, झोळीचा नाही, तो माझाच आहे. दुसऱ्या जिप्सीतून, दुसऱ्या गाईडच्या तोंडून, हॉटेलात चहा पिणाऱ्या कुणाच्या मोबाईलमधून मी त्या कडीला रेडकू बांधत असते. परत सोडवता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कुरणाशी खरं सांगायला लागले. हे गाव होतं. इथं विहीर होती. लोक मर्जीनं बाहेर गेले कारण आत दवाखाना नव्हता, आणि त्यांची मर्जी विचारली गेली तेव्हा परत येण्याबद्दल कुणी विचारलं नाही. या कडीला पाळणा होता. काही जण टोपी काढायचे. काही जण घड्याळ बघायचे. आठवड्याभरात मला फाटकावर बोलावून घेतलं. वनखात्याचे साहेब चिडले नव्हते, समजुतीनं म्हणाले, “हे बघा, लोक सुट्टी घालवायला येतात. सुतकात बसायला नाही.” मी म्हटलं, “आमची पण सुट्टी झाली सर, पंधरा-सोळा वर्षं झाली, संपवा आता.” त्यानंतर माझ्या वाट्याला त्या रस्त्याची फेरी आली नाही.

वस्तीतल्या लोकांनी मिळून अर्ज केला. मसुदा मी लिहिला, प्रश्नानं सुरू केला. मागणी एकच होती. जुन्या गावच्या माणसांना वर्षातून एक दिवस, पावसाळ्यात जंगल पाहुण्यांना बंद असतं तेव्हाचा कोणताही एक, सोबत पहारेकरी देऊन, पायी आत जाऊ द्या. आम्हाला जमीन नको, घर नको, तिथं राहायचं नाही. अर्जाची पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही. मोठाईनं सहीच्या जागी बोटानं चाचपत नाव लिहिलं, आणि मला विचारलं, “माई पोरगीबी लिहाची का खाली?” तिच्या मुलीचं नाव ठेवायचं राहिलं होतं. अर्जात ती जागा आम्ही कोरी सोडली. या लिखाणातही मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, ते त्यामुळेच.

ऑपरेशनची तारीख मोठाईनं दोनदा पुढं ढकलली आहे. डोळा रोज थोडा जातोय.

आणि आता काम. आमच्या फाटकावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आहे. जुन्या विश्रामगृहात साहेबांसाठी असायची तशीच. गावकऱ्यानं त्या वहीत लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. पाहुण्याचं लिहिलेलं मात्र वरपर्यंत वाचलं जातं. एका बाईनं शौचालयाबद्दल लिहिलं होतं, महिन्याभरात नवं झालं. तुम्ही सुट्टीला कुठल्याही जंगलात जाल, तिथं अशी वही असेल. जिप्सी मोकळ्या कुरणाशी थांबली की गाईडला विचारा, इथं कुणाचं गाव होतं, आणि वाघाची खबर आली तरी त्याचं उत्तर संपेपर्यंत गाडी थांबवून ठेवा. बाहेर आल्यावर वाघाबद्दल लिहायचं ते लिहा, आणि त्याखाली एक ओळ लिहा: ‘इथल्या जुन्या गावच्या लोकांना वर्षातून एक दिवस पायी आत जाऊ द्या.’ आमच्या फाटकावर वही खिडकीच्या उजव्या बाजूला, पेनसकट दोरीनं बांधलेली आहे. मोठाईला अजून दिसतंय. लवकर लिहा.